आत्ता या क्षणी, भिंगारहून

भिंगार,
३ जुलै २०२५

आदरणीय विजयाताई,
नमस्कार.

एक प्रश्न विचारते, आणि आधीच कबूल करते की मला त्याचं उत्तर देता येत नाही. ज्या गावात आपण नाही, त्या गावाला रोज सकाळी 'मी इथेच आहे' असं सांगायला कोणी पगार दिला, तर ती नोकरी असते की फसवणूक?

आपला भुईकोट रेडिओ विकला गेला. सोमवारी काकासाहेबांनी सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. म्हणाले, "जाहिराती सगळ्या मोबाईलवर गेल्या. पुण्याची मंडळी केंद्र घेतायत. नाव हेच राहील, तेवढं मी बोलून घेतलंय." मग चष्मा पुसला आणि जिना उतरून गाडीत जाऊन बसले. मालक म्हणून ते त्यांचं शेवटचं बोलणं.

पुढचं पुण्याहून आलेल्या शौनकने सांगितलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्यांच्याकडे आता पाच शहरांची केंद्रं आहेत: नगर, जालना, लातूर, सांगली, धुळे. पाचही ठिकाणचे कार्यक्रम पुण्यात तयार होणार. आपल्या नऊ जणांपैकी आठ जणांचं काम महिनाअखेरीस संपतं. नववी मी. माझा आवाज म्हणे कुठल्याही गावाला आपला वाटतो.

कल्याण केबल गुंडाळत होता. वर न बघताच म्हणाला, "घ्या. पोरगी नऊ जणांचं काम करते असं आपणच सांगत फिरत होतो. त्यांनी ऐकलं."

आता खरी अडचण. तुम्ही सुरू केलेली 'सकाळची खिडकी' त्यांना हवी आहे. तुम्ही मला शिकवलं होतं, आधी खिडकी उघडायची, समोर दिसेल ते सांगायचं, मगच नमस्कार, मग धरणाचं पाणी आणि बाजार. खिडकीच्या गजाला कल्याणने सुतळीने बांधलेला माईक अजून तसाच आहे, आणि वारा लागू नये म्हणून त्यावर चढवलेला त्याचा पायमोजाही. पण पुण्यात हे सगळं दोन-तीन दिवस आधी रेकॉर्ड होणार. तरीही 'आत्ता या क्षणी, भिंगारहून' असंच म्हणायचं. जालन्यासाठी जालन्याहून, धुळ्यासाठी धुळ्याहून. रेकॉर्ड केलेलं आहे हे बाहेर कोणाला सांगायचं नाही, अशी अट आहे.

घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. दादांना गावात आता 'रेडिओवालीचा बाप' म्हणतात आणि ते हाक मारणाऱ्याला चहा पाजतात. त्यांना अजून काही बोलले नाही. पंधरा तारखेपर्यंत होय-नाही कळवायचं आहे. फोनपेक्षा पत्रात माणूस नीट बोलतो असं तुम्ही म्हणता, म्हणून लिहिते आहे. लवकर उत्तर पाठवा.

तुमची,
रुपाली


नागपूर,
९ जुलै २०२५

चि. रुपालीस अनेक आशीर्वाद.

जा. आधी उत्तर लिहिलं, आता कारणं लिहिते.

मी बावीस वर्षं आकाशवाणी आणि नंतर तुमचं केंद्र पाहिलं. तत्त्वासाठी बाहेर पडलेल्या बाईला नगरमध्ये चार दिवस शाबासकी मिळते. पाचव्या दिवशी तेच लोक विचारतात, 'मग आता काय करतेस?' तुला हे कोणी विचारू नये असं मला वाटतं. तू कर्जतहून एसटीने येऊन, जिन्यात बसून डबा खाऊन हे काम शिकलीस. ते इतक्या सहज सोडू नकोस.

आणि फसवणूक कसली? मी तुला रोज ऐकते. नात ईरा शाळेत जाण्याआधी तिच्या मोबाईलवर लावून देते. परवाचंच सांगते. तू खिडकी उघडलीस, लष्कराचा ट्रक गेला आणि त्याच्या मागून केशरबाईंची हाक आली, 'शेवंती घ्या, शेवंती'. इथे चौथ्या मजल्यावर बसून मला भिंगारचा अख्खा बाजार दिसला. जोवर तुझ्या कार्यक्रमात हे आहे, तोवर तू कुठल्या खुर्चीत बसतेस याने काय फरक पडतो?

आमच्या केदारने, ईराच्या बाबाने, आठवण सांगितली आहे. फोन मात्र करू नकोस. मला त्या यंत्राचा कंटाळा आला आहे.

तुझी,
विजयाताई


पुणे,
४ ऑगस्ट २०२५

आदरणीय विजयाताई,
नमस्कार.

मी होय म्हणाले. तुमच्या पत्रामुळे म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एका ओळीमुळे.

केशरबाई आता भिंगारला नाहीत. होळीनंतर त्या मुलीकडे श्रीगोंद्याला राहायला गेल्या. त्यांच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारा बसतो. मग तुम्ही ऐकलेली हाक कुठून आली? मी कल्याणला विचारलं. तो म्हणाला, "पुण्याच्या माणसांनी मशीन ताब्यात घेतलंय. जुना आवाज खाली लावून चाचणी करत असतील. आपल्याला कोण सांगतंय."

तेव्हा मला वाटलं, प्रश्न सुटला. बंद दारापलीकडून, माझ्या श्वासावरून, मी कागद बघून बोलतेय की माणसाशी बोलतेय हे तुम्ही ओळखायचात. त्या कानालाही जुना आवाज आणि आजचा आवाज यांत फरक कळला नाही. म्हणजे फरक नाहीच. त्याच दिवशी सही केली.

इथली खोली लहान आहे. चारही भिंतींना काळा स्पंज, खिडकी नाही. सोमवारचं शुक्रवारीच बोलून होतं. पाच गावांसाठी पाच वेळा. तयार झालेलं मी स्वतःच मशीनमध्ये घालते आणि ते सकाळी सहाला पाचही ठिकाणी एकदम वाजतं. लागण्याआधी कोणी ऐकत नाही. ऐकायला एक माणूस होता, त्यालाही जूनमध्ये कमी केलं. आपल्या खिडकीचा आवाजही मशीनमध्ये आहे. नीट ऐकलं तर पायमोज्याला वारा लागल्याची फरफर त्यात येते. ती ऐकून मला पहिल्या दिवशी बोलताच येईना.

मी शौनकला विचारलं, "धरणाच्या पाण्याचं काय सांगायचं? आभाळाचं?"

"सर्वसाधारण ठेवा. आभाळ स्वच्छ, नदी शांत, असं काहीतरी. पाऊस आला तर लोकांना दारातून दिसतोच की."

"मग आपण कशाला आहोत?"

"सोबतीला," तो म्हणाला. ताई, तो वाईट माणूस नाही. त्याच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत आणि तो सारखा त्यांच्याकडे बघतो.

दादांचा फोन आला होता. म्हणाले, "रुपे, तू ऱ्हाती पुन्यात, मग भिंगारची खिडकी कशी काय दिसती गं?"

मी म्हणाले, "सोय असते दादा."

"कॅमेरा लावला आसंल. कंप्युटरवर दिसत आसंल सगळं." त्यांनी स्वतःच उत्तर शोधलं आणि ते खूश झाले. मागून आई म्हणाली, "तिला सारखं इचारू नका, कामात आसंल." मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

कल्याणने शेवटच्या दिवशी गजाची सुतळी कापली आणि पायमोजा काढून माझ्या हातात दिला. "धुतलेला न्हाई," म्हणाला. तो इथे माझ्या टेबलाच्या खणात आहे.

फरक नाही ना, ताई?

तुमची,
रुपाली


नागपूर,
१३ ऑगस्ट २०२५

चि. रुपालीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. केशरबाईंबद्दलचा भाग तिसऱ्यांदा.

माझं एक ऐक. नदी आणि आभाळ रेकॉर्ड करू नकोस. गाणी कर, वाढदिवस कर, लग्नाच्या शुभेच्छा दे, काय हवं ते कर. ही दोन मात्र सोड. शौनकला सांग की हे मला जमणार नाही.

कारण विचारू नकोस. आज एवढंच लिहवतं आहे.

विजयाताई


कर्जत,
१८ सप्टेंबर २०२५

विजयाताई,

हे दवाखान्यातून लिहिते आहे. दादांच्या मांडीचं हाड मोडलं आहे. जीव वाचला.

तुम्ही सांगितलं होतं तसं मी शौनकला सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग तेवढी जागा मोकळी राहते. काहीतरी तर बोलावं लागेल." मी अडून बसले नाही. गेल्या शुक्रवारीही बोलले. तेच. 'आत्ता या क्षणी, भिंगारहून. आभाळ स्वच्छ आहे. तिकडे सीनाही शांत वाहते आहे.'

शनिवार-रविवार वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. रविवारी संध्याकाळी गावच्या ग्रुपवर निरोप आला की पहाटे धरणातून पाणी सोडणार, नदीतल्या मोटरी काढून घ्या. देवळाच्या भोंग्यावरूनही सांगितलं. सगळ्यांनी मोटरी काढल्या. शेजारच्या शेतातल्या राधाकृष्ण काकांनी दादांना हाक मारली तेव्हा दादा म्हणाले, "मोबाईलवर रोज कायतरी येतंय. सकाळी सहाला रुपी सांगंल, मग बघू."

सोमवारी सकाळी त्यांनी गोठ्यात रेडिओ लावला. मी सांगितलं. ते काकांना म्हणाले, "बघ, शांत हाय. आत्ताच्या आत्ता बोलली." आणि मोटरीचा पाइप सरळ करायला नदीत उतरले.

पाणी एकदम आलं. दादा वाहत खालच्या बाभळीला अडकले. काकांनी आणि शेजारच्यांनी नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, टाकून ओढून काढलं. मोटर गेली.

ताई, ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, "पोरीची चूक न्हाई. तिला कुनीतरी खालून चुकीचं सांगितलं. ती बघितल्याबिगर बोलायची न्हाई." मी पाण्याचा पेला धरून तिथेच उभी होते.

आईने मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"रुपे, तू बघून बोलली हुती का?"

"नाही."

"मग कवा बोलली हुती?"

"शुक्रवारी."

आई पदराचं टोक पिळत म्हणाली, "त्यास्नी सांगू नको. लोकं तुला नावं ठेवत्यात, तरी तुझ्या बोलन्यावर ह्यांचा भरवसा हाय. तेवढ्यावर उठून बसल्यात ते."

म्हणून मी गप्प आहे. काल शौनकचा निरोप आला की शुक्रवारचं रेकॉर्डिंग चुकवू नका, पर्यायी आवाज नाही.

मला एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे आणि मी ती नीट शब्दांत विचारू शकत नाही. तुमच्या कानाला फरक कळला नाही म्हणून मी सही केली. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? की मी जावं म्हणून तुम्ही तसं लिहिलंत? आणि पुढच्या पत्रात नदी आणि आभाळ सोड म्हणालात ते कशावरून?

रुपाली


नागपूर,
२४ सप्टेंबर २०२५

रुपाली,

मला ऐकू येत नाही.

गेल्या दिवाळीपासून. आधी डावा कान, मग महिन्याभरात उजवा. नस सुकली म्हणतात, यंत्र लावूनही उपयोग नाही. केदारला आणि सूनबाईला माहीत आहे, बाहेर कोणाला नाही. रेडिओवरची बाई बहिरी झाली हे सांगायला मला तोंड होईना. फोनचा कंटाळा, पत्रात माणूस नीट बोलतो, हे सगळं त्यासाठी होतं.

ईरा मोबाईल लावून देते हे खरं आहे. मी तो उशीवर ठेवून त्यावर तळहात ठेवते. थरथर कळते. गाणं लागलं की वेगळी, तू बोललीस की वेगळी. बाकीचं मी आठवणीतून भरायचे. ट्रक मी भरला. केशरबाईंची हाक मी भरली. ती तेव्हा कुठेच वाजलेली नव्हती. कोणी चाचणी केली नव्हती. पुण्याच्या लोकांनी पुष्कळ काही केलं असेल, पण ते एक त्यांच्या माथी मारू नकोस.

तुला बरं वाटावं म्हणून चार ओळी लिहिल्या आणि तू त्यावर सही केलीस. ऑगस्टमध्ये तुझं पत्र वाचलं तेव्हा मला ते लक्षात आलं. तेव्हाच खरं लिहायला हवं होतं. मी अर्धं लिहिलं. नदी आणि आभाळ सोड म्हणाले, कारण आठवणीतून बोललेलं खरं वाटतं, हे मी स्वतःवरून शिकले होते. पण कारण लपवलं, मग त्या सांगण्याला वजन कुठून येणार? दादांचा पाय मोडला त्यात माझाही हात आहे. हे मी नम्रतेने लिहीत नाही.

आता तू पुण्याला राहा की सोड, मी सांगणार नाही. माझा सल्ला एकदा घेऊन पाहिलास. फक्त एवढं लिहिते: तुझी आई तुला जे झाकायला सांगते आहे, तेच मी इथे वर्षभर करत बसले. घरातली सगळी माझ्याशी गोड वागतात. माझ्याशी खरं मात्र कोणी बोलत नाही, कारण मी कोणाला तशी वाटच ठेवली नाही.

दादांच्या प्रकृतीचं कळव. रागावली असलीस तरी कळव.

विजया


मु. पो. कर्जत,
६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय विजयाताई,
नमस्कार.

रागावले होते. तुमचं पत्र आलं त्या दिवशी ते फाडणारही होते. मग डोळे मिटून मोबाईलवर हात ठेवून बघितला. गाणं कळलं, माणूस कळला नाही. पत्र ठेवून दिलं.

दादा घरी आले आहेत. पाय प्लास्टरमध्ये आहे.

शुक्रवारी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी पुण्यात नेहमीसारखी त्या खोलीत गेले. सोमवारचं रेकॉर्डिंग केलं. पाच वेळा, गावाचं नाव तेवढं बदलून. खिडकीचा आवाज लावला नाही. मशीनमध्ये घातलं. कोणी ऐकलं नाही, ऐकणार नव्हतंच. राजीनामा शौनकच्या टेबलावर ठेवला. तो सुट्टीवर होता, सोमवारी सकाळी येऊन बघेल हे मला माहीत होतं. कल्याणचा पायमोजा खणातून घेतला आणि स्वारगेटहून एसटी धरली.

शनिवारी दादांना सांगितलं. आई मला चुलीपाशी बोलावत राहिली, मी उठले नाही. कॅमेरा नाही, कंप्युटर नाही, मी शुक्रवारी बोलले होते, सोमवारचं आभाळ मला माहीत नव्हतं, हे सगळं सांगितलं. ते छताकडे बघत म्हणाले, "मी सगळ्या गावाला सांगितलं, माझी पोर बघून बोलती." एवढंच. रविवारी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मी दिलेलं जेवणही आईच्या हातून घेतलं. राधाकृष्ण काका आले, तर दादांनी त्यांना मोठ्याने सांगितलं, "राधाकृष्णा, तूच खरा हुतास. आमच्यात नुसता आवाज हुता." मी आत भांडी घासत होते, मला ऐकू जावं म्हणूनच बोलले.

आज सकाळी सहा वाजता मी रेडिओला हात लावला नाही. दादाच म्हणाले, "लाव."

लावला. मी त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसले होते आणि रेडिओतून बोलत होते. आई माझ्याकडे बघायची आणि रेडिओकडे बघायची. संपल्यावर गाणं लागलं, ते दादांनी बंद केलं.

"हे बी शुक्रवारचंच?"

"होय दादा."

"मग आजचं कोन सांगनार?"

मी रेडिओ जवळ ओढून घेतला.

"हितं बसून काय दिसतंय तुला? जा, नदी बघून ये. पान्याला हात लावून ये, नुसतं लांबनं नको."

मी गेले. पाणी बांधाच्या खाली उतरलं आहे, गढूळ आहे, मधला खडक उघडा पडला आहे. परत येऊन तसं सांगितलं. दादांनी दोनदा विचारलं, खडक किती उघडा. मग राधाकृष्ण काकांना फोन लावून तेच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. "घरनं बघून आलंय कुनीतरी," म्हणाले.

मी नदीवर होते तेव्हा शौनकचा फोन आला होता. "पाचही ठिकाणी गेलं, रुपाली. लोकांचे फोन येतायत. मी वर काय सांगू?" मी म्हणाले, "लागण्याआधी ऐकायला माणूस हवा, असं सांगा." त्याने फोन ठेवला. आता त्याचीही खुर्ची रिकामी होईल कदाचित, आणि ती माझ्यामुळे होईल. हे मला टाळता आलं नाही. पुढे मी काय करणार हेही मला अजून माहीत नाही. धाकट्या भावाचं, पार्थचं कॉलेज माझ्या पगारावर होतं, ते त्याला आज संध्याकाळी सांगायचं आहे.

ईराने सकाळी मोबाईल लावून दिला असेल आणि तुम्ही हात ठेवून बसला असाल. तुम्हाला शब्द कळले नसतील, म्हणून जे बोलले ते जसंच्या तसं खाली लिहिते. यात तुम्हाला काही भरायला लागू नये.

"नमस्कार. आज खिडकीच्या आधीच नमस्कार करते आहे, कारण या खोलीला खिडकी नाही. मी रुपाली तोरडमल. मी भिंगारला नाही. ऑगस्टपासून मी पुण्यात बसून बोलते आहे, आणि 'आत्ता' म्हणते तेव्हा ते दोन-तीन दिवसांपूर्वीचं असतं. हेही शुक्रवारी दुपारी बोलते आहे. आज सोमवारी तुमच्याकडचं आभाळ कसं आहे, नदी कशी आहे, मला माहीत नाही. पंधरा सप्टेंबरला सीना शांत आहे असं मी न बघता सांगितलं होतं. त्यावर विश्वास ठेवून माझे वडील नदीत उतरले आणि वाहत गेले. ते वाचले. म्हणून सांगते, पाण्यात पाय टाकण्याआधी ज्याला नदी डोळ्यांनी दिसते आहे अशा माणसाला विचारा. मला विचारू नका. तुम्ही हे ऐकाल तेव्हा मी ही नोकरी सोडून घरी गेलेली असेन."

तुमची,
रुपाली